इंजिन कुठे घट्ट, कुठे सैल: नॉर्टनच्या फ्रेमचा इतिहास

मोटारसायकल वळणावर कशी वागते याची चर्चा निघाली की टायर, सस्पेन्शन, ब्रेक आणि चालकाचे कसब यांचा उल्लेख हटकून होतो. इंजिन फ्रेममध्ये कोणत्या जागी आणि कोणत्या रीतीने बसवले आहे, याचा मात्र क्वचितच होतो. महाराष्ट्रातील गॅरेजांत इंजिनाच्या या बैठकीला 'फाउंडेशन' असा शब्द रूढ आहे आणि तो अर्थाच्या दृष्टीने अगदी नेमका आहे, कारण मोटारसायकलीतील सर्वांत जड आणि सर्वांत अस्वस्थ वस्तू जिच्यावर विसावते ती ही जागा होय. १९५० ते १९७५ या पंचवीस वर्षांत बर्मिंगहॅमच्या नॉर्टन कंपनीने या प्रश्नाची दोन उत्तरे दिली. पहिले उत्तर इंजिन चारही बाजूंनी घट्ट आवळण्याचे होते, तर दुसरे त्याला रबरावर मोकळे सोडण्याचे. वरकरणी ही उत्तरे परस्परविरोधी दिसतात, तरीही दोन्ही गाड्या रस्त्यावरील वागणुकीसाठी नावाजल्या गेल्या. हे कसे घडले, ते पाहू लागले की घट्टपणाच्या प्रमाणापेक्षा त्याची दिशा अधिक महत्त्वाची ठरत होती, असे दिसून येते.

मोटारसायकलीची दोन चाके धावताना एकाच उभ्या पातळीत राहिली पाहिजेत, ही चांगल्या वागणुकीची पहिली अट आहे. पुढचे चाक फोर्कमार्फत स्टिअरिंग हेडला, म्हणजे हँडल ज्या तिरप्या नळीत फिरते तिला जोडलेले असते; मागचे चाक स्विंग आर्म या वरखाली हलणाऱ्या दुबोटी दांड्यात बसवलेले असते आणि हा दांडा एका आडव्या खिळीभोवती फिरतो. स्टिअरिंग हेड आणि ही खिळी यांच्यामधला भाग वळणाच्या ताणाखाली पिळला गेला, तर पुढचे चाक एका दिशेला आणि मागचे किंचित दुसऱ्या दिशेला झुकते, आणि गाडी वेगात असताना मागून डोलू लागते. हे डोलणे एकदा सुरू झाले की ते चालकाच्या हातून आवरत नाही, आणि अनेकदा त्याच्याच हातांनी वाढते. म्हणून फ्रेमचे खरे काम वजन पेलण्यापेक्षा या दोन बिंदूंना पिळू न देण्याचे असते, आणि इंजिन नेमके त्या दोहोंच्या मध्ये बसत असल्यामुळे ते फ्रेमला बळ देणार की तिचे बळ खाणार, हे त्याच्या बैठकीवर ठरते.

बळ खाणारी गोष्ट म्हणजे कंप. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश मोटारसायकलींत शेजारी-शेजारी उभे असलेले दोन सिलिंडर आणि दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर-खाली जाणारी रचना सर्वत्र पसरली होती. १९३७ साली आलेल्या एडवर्ड टर्नर यांच्या ट्रायम्फ स्पीड ट्विनने तिला लोकप्रिय केले होते. इंधनाचे स्फोट समान अंतराने होत असल्यामुळे या इंजिनाचा आवाज आणि ओढ सलग वाटते, पण तोलाच्या दृष्टीने त्याची अवस्था एकाच मोठ्या पिस्टनच्या इंजिनासारखी असते. पिस्टन टोकाला पोचून परत फिरतो तेव्हा बसणारा धक्का शमवण्यासाठी क्रँकवर विरुद्ध बाजूला वजने ठेवतात. परंतु क्रँक गोल फिरतो आणि पिस्टन सरळ रेषेत धावतो, त्यामुळे ती वजने उभा धक्का जितका कमी करतात तितकाच आडवा, म्हणजे गाडीच्या पुढे-मागे जाणारा धक्का निर्माण करतात. धक्का नाहीसा करता येत नव्हता, फक्त त्याची दिशा वाटून देता येत होती, आणि ही वाटणी कोणत्या प्रमाणात करायची हे ते इंजिन कोणत्या फ्रेममध्ये बसणार यावरून ठरवले जाई. शिवाय इंजिनाचे फेरे दुप्पट झाले की हा धक्का चौपट होतो, ही अडचण निराळी.

घट्ट बसवलेल्या इंजिनाचा उपयोग फ्रेमसाठीच करून घेण्याची कल्पना जुनी आहे. तिचे सर्वांत धाडसी रूप स्टीव्हनेज येथील व्हिन्सेंट कंपनीने १९४६ साली सिरीज बी रॅपिडमध्ये साकारले. फिलिप व्हिन्सेंट आणि ऑस्ट्रेलियन अभियंते फिल अर्व्हिंग यांनी नळ्यांची फ्रेम जवळजवळ काढूनच टाकली. ९९८ सीसीच्या व्ही आकाराच्या इंजिनावर पोलादी पेटीसारखा एक वरचा भाग ठेवला, त्याच पेटीत तेलाची टाकी सामावली आणि मागच्या चाकाचा दांडा थेट इंजिनाच्या ओतीव कवचाला जोडला. जेथे इंजिन स्वतःच गाडीचा कणा होते तेथे बैठकीचा वेगळा प्रश्न उरत नाही. भारतीय वाचकाला अधिक परिचित असलेले सौम्य उदाहरण एन्फिल्ड बुलेटचे आहे. रेडिच येथे जन्मलेल्या आणि १९५५ पासून मद्रासला जुळणी होऊ लागलेल्या या गाडीच्या फ्रेममध्ये इंजिनाखाली नळीच नाही. पुढची एकच नळी खाली येऊन इंजिनाच्या कवचाशी संपते, गिअरबॉक्स त्या कवचाच्या मागे बोल्टने पक्का केलेला असतो, आणि तुटलेली साखळी हे कवचच पुरी करते. बुलेटचे इंजिन उतरवले की फ्रेम खालून उघडी पडते, हे तिच्यावर हात चालवणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असते. एकच सिलिंडर आणि संथ फेरे यांमुळे या रचनेला कंपाचा जाच सोसवतो.

नॉर्टनचा मार्ग यापेक्षा वेगळा होता. बर्मिंगहॅमच्या ब्रेसब्रिज स्ट्रीटवरील त्या जुन्या कारखान्याची कीर्ती आइल ऑफ मॅन बेटावरील टीटी शर्यतींवर उभी होती, पण १९४० च्या दशकाअखेर त्यांच्या शर्यतीच्या गाडीची फ्रेम थकली होती. तिला लोक 'गार्डन गेट' म्हणजे बागेचे फाटक म्हणत, आणि शक्ती वाढवली की तिला तडे जात. बेलफास्टचे रेक्स मॅक्कँडलेस यांनी आपले बंधू क्रोमी यांच्या साथीने या कोड्याला हात घातला. त्यांची फ्रेम म्हणजे दोन लांब नळ्यांचे दोन सलग वेढे होते: प्रत्येक नळी स्टिअरिंग हेडपासून निघून टाकीखालून मागे जाई, गिअरबॉक्समागे खाली वळे, इंजिनाखालून पुढे येई आणि समोरून वर चढून पुन्हा हेडपाशी पोचे, आणि तेथे वरच्या व खालच्या नळ्या एकमेकींना ओलांडून जात. दोन वेढ्यांमधील रुंदी, हेडपाशी होणारा हा छेद आणि स्विंग आर्मच्या खिळीजवळचे पक्के पत्रे यांमुळे मघाशी सांगितलेल्या दोन बिंदूंमधली पिळवटण्याची वाट जवळजवळ बंद झाली.

इंजिन या वेढ्यांच्या आत पुढे सरकवून बसवले होते, आणि तुमच्या-आमच्या नजरेला किरकोळ भासणारा हा बदल परिणामाने मोठा होता, कारण त्यामुळे पुढच्या चाकावरचा भार वाढला आणि वळणात शिरताना पुढचा टायर रस्त्याला अधिक विश्वासाने धरू लागला. पुढे, मागे आणि खाली जाड इंजिन प्लेटा, आणि सिलिंडरच्या माथ्यावरून फ्रेमला जाणारी एक आधारपट्टी, अशा रीतीने ते सर्व बाजूंनी आवळलेले असे. प्लेटा आणि इंजिन मिळून खालचा चौकोन आणखी ताठ करीत. म्हणजे येथेही इंजिन बळ देत होते, फक्त व्हिन्सेंटप्रमाणे सगळा भार त्याच्या माथी नव्हता. शर्यतीच्या फ्रेम रेनॉल्ड्स कंपनीने आपल्या '५३१' या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांतून बनवल्या, कारण ब्रेसब्रिज स्ट्रीटला तसली जोडणी करण्याची सोय नव्हती.

एप्रिल १९५० मध्ये ब्लँडफर्ड येथे जेफ ड्यूक यांनी या फ्रेमवर पहिलाच विजय मिळवला. हॅरॉल्ड डॅनिएल या अनुभवी शर्यतपटूने ती चालवून पाहिल्यावर पिसांच्या गादीची उपमा दिली आणि 'फेदरबेड' हे नाव तिला कायमचे चिकटले. त्याच वर्षीच्या टीटीत सीनियर आणि ज्युनियर या दोन्ही शर्यतींचे पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनकडे गेले. सीनियरमध्ये ड्यूक आणि ज्युनियरमध्ये आर्टी बेल पहिले आले. १९५१ मध्ये ड्यूक ३५० आणि ५०० सीसी अशा दोन्ही गटांचे विश्वविजेते झाले. या काळात इटालियन कारखान्यांच्या चार सिलिंडरच्या गाड्या शक्तीने नॉर्टनच्या एका सिलिंडरला भारी होत्या. तरीही नॉर्टन जिंकत राहिली, आणि सरळ रस्त्यावर गमावलेला वेळ ती वळणांवर परत मिळवत होती, याचे श्रेय प्रामुख्याने मॅक्कँडलेस यांच्या फ्रेमला द्यावे लागते.

फेदरबेडचा लौकिक तिच्या मालकिणीपेक्षाही पुढे गेला. त्या काळात ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग कार बनवणाऱ्यांना नॉर्टनचे शर्यतीचे इंजिन हवे असे, पण कंपनी सुटे इंजिन विकत नसल्यामुळे ते अख्खी मोटारसायकल घेऊन इंजिन काढून घेत आणि उरलेला सांगाडा विकून टाकत. अशा रिकाम्या फेदरबेड फ्रेममध्ये ट्रायम्फचे इंजिन बसवण्यातून 'ट्रायटन' ही संकरित जात निपजली. तिच्या कारागिरांनी ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यातून आपल्या हाताने प्लेटा कापल्या आणि इंजिन किती पुढे, किती खाली ठेवायचे याचे आपापले आडाखे बांधले. इंजिनाच्या बैठकीचा विचार कारखान्याबाहेर इतक्या मोठ्या प्रमाणावर त्याआधी कधी झाला नसावा. लंडनच्या उपनगरांतील शेडमध्ये काम करणाऱ्या या तरुणांनी प्लेटांची जाडी आणि बोल्टांच्या जागा यांबद्दल जमवलेले ज्ञान कोणत्याही कंपनीच्या आरेखन विभागाला शोभणारे होते.

रस्त्यावरच्या गाड्यांत फेदरबेड १९५० च्या दशकाच्या आरंभी डॉमिनेटर ८८ द्वारे आली, आणि तेथेच पुढच्या संकटाचे बीज पडले. डॉमिनेटरमधले बर्ट हॉपवुड यांचे दोन सिलिंडरचे इंजिन मूळचे ४९७ सीसीचे होते. अमेरिकन ग्राहकाला अधिक शक्ती हवी होती, म्हणून ते ५९६, मग ६४६ आणि १९६२ च्या ॲटलसमध्ये ७४५ सीसीपर्यंत वाढवले गेले. पिस्टनचा प्रवास ७२.६ मिलिमीटरवरून ८९ मिलिमीटरवर गेला, पिस्टनही जड झाले, आणि फ्रेम मात्र तीच राहिली. घट्ट आवळलेल्या इंजिनाचा प्रत्येक धक्का आता त्या ताठ नळ्यांतून थेट हँडल, पायदान आणि टाकीपर्यंत पोचू लागला. ॲटलस वळणावर अजूनही देखणी चालत होती, पण लांब प्रवासात चालकाचे हात बधिर होत, दिव्यांच्या तारा तुटत आणि पत्र्यांना चिरा पडत. फेदरबेडचा जो गुण होता, कुठेच न लवण्याचा, तोच या इंजिनाच्या बाबतीत तिच्या विरोधात गेला.

कंपाला रबराने अडवण्याचा विचार मोटारगाड्यांत आधीच रुळला होता. १९३१ मध्ये क्रायस्लरने प्लायमाउथ गाडीत इंजिन दोन रबरी आधारांवर अशा रीतीने तोलले की ते आपल्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती हलके झुलू शके. मोटारसायकलीत सनबीमच्या एस ७ या १९४० च्या दशकातील गाडीने इंजिन रबरावर ठेवले. तिच्यात चाकाकडे शक्ती साखळीऐवजी शाफ्टने जात असल्यामुळे इंजिन थोडे हलले तरी चालत असे. साखळीच्या गाडीत मात्र ही सोय नव्हती. साखळी गाडीच्या एका बाजूला असते आणि वेग घेताना ती इंजिनाला प्रचंड जोराने मागे खेचते. इंजिन एकटेच रबरावर असेल तर ते तिरके होते, साखळीची रेषा बिघडते आणि प्रत्येक ॲक्सिलरेटरच्या पिळासरशी मागचे चाक व इंजिन यांचे नाते बदलते.

१९६६ मध्ये नॉर्टनची तत्कालीन मालक असलेली असोसिएटेड मोटरसायकल्स ही कंपनी कोसळली आणि डेनिस पुअर यांच्या मँगनीज ब्राँझ होल्डिंग्जने ती घेऊन नॉर्टन-व्हिलियर्स उभी केली. तांत्रिक विभागाची सूत्रे रोल्स-रॉइसमधून आलेल्या डॉ. स्टेफान बाउअर यांच्याकडे आली. बर्नार्ड हूपर आणि बॉब ट्रिग हे त्यांचे सहकारी होते. नवीन इंजिनाची योजना वेळेअभावी बाजूला पडली, आणि कंपाने कुप्रसिद्ध झालेले ॲटलसचेच इंजिन सुसह्य करून दाखवण्याची जबाबदारी या चमूवर पडली. त्यांनी काढलेला तोडगा 'आयसोलास्टिक' या नावाने ओळखला जातो. इंजिन आणि गिअरबॉक्स त्यांनी प्लेटांनी एकत्र बांधले, आणि स्विंग आर्मची खिळी फ्रेमवरून काढून त्याच जुडग्याला जोडली. म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, साखळी आणि मागचे चाक हे सगळे एकच अखंड अंग झाले. साखळीची ओढ त्या अंगाच्या आतल्या आत जिरली. हे अंग पुढे इंजिनासमोर आणि मागे गिअरबॉक्समागे रबरी बुशांवर, आणि सिलिंडरच्या माथ्याशी एका लहान रबरी आधारावर फ्रेमला टांगले गेले. चालक, हँडल, टाकी आणि पुढचे चाक फ्रेमच्या बाजूला राहिले.

या रचनेतला धोका उघड आहे. ज्या दोन बिंदूंना पिळू न देण्यासाठी मॅक्कँडलेस यांनी दोन वेढे घातले, त्याच दोन बिंदूंच्या मध्ये आता रबर आले होते. मागचे चाक स्टिअरिंग हेडशी कुठेही थेट पोलादाने जोडलेले नव्हते. केवळ मऊ रबर वापरले असते तर गाडी पहिल्याच वळणावर डोलली असती. पण दोन सिलिंडरच्या त्या इंजिनाचा धक्का मुख्यतः गाडीच्या लांबीच्या उभ्या पातळीत, वर-खाली आणि पुढे-मागे बसतो, तर वागणूक बिघडवणारी हालचाल आडवी, म्हणजे डावी-उजवीकडे होणारी, किंवा पीळ देणारी असते. म्हणून प्रत्येक बुशाच्या दोन्ही टोकांना गुळगुळीत चकत्या ठेवल्या गेल्या. त्या एकमेकींवर घसरून उभ्या पातळीतील हालचाल होऊ देत, आणि आडवी हालचाल केसभर अंतरात अडवत. हे अंतर शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या घालून साधायचे असे, आणि त्याचे माप एका इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर ठरवले गेले होते. ब्रिटिश मोटारसायकलींच्या संपूर्ण इतिहासात इतक्या साध्या वस्तूंवर इतका सूक्ष्म विचार क्वचितच झाला असेल.

रबराचा लाभ सर्व फेऱ्यांवर सारखा मिळत नाही, हेही येथे समजून घेतले पाहिजे. रबरावर टांगलेल्या प्रत्येक वजनाला झोपाळ्याप्रमाणे स्वतःची एक लय असते. धक्के त्या लयीला जुळले तर हालचाल वाढते, आणि धक्क्यांची गती त्या लयीच्या सुमारे दीडपटीपुढे गेली की ते फ्रेमपर्यंत कमी-कमी पोचू लागतात. म्हणूनच सिग्नलला उभी असलेली कमांडो, म्हणजे आयसोलास्टिक बैठकीची ही नवी नॉर्टन, आपले इंजिन डोळ्यांना दिसेल इतके थरथरवते, आणि मिनिटाला अडीच-तीन हजार फेऱ्यांच्या पुढे गेल्यावर मात्र आश्चर्य वाटावे इतकी शांत होते. ॲटलसमध्ये ज्या वेगाला हात बधिर होत, त्या वेगाला कमांडोचा चालक निवांत बसू शके.

सप्टेंबर १९६७ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात कमांडो जगासमोर आली. फेदरबेडचे दोन वेढे सोडून तिला सव्वादोन इंच व्यासाच्या एकाच जाड वरच्या नळीची फ्रेम देण्यात आली होती. इंजिनाकडून बळ मिळण्याची सोय आता उरली नसल्यामुळे पिळाला तोंड देण्याचे काम फ्रेमला एकटीने करावे लागत होते, आणि सुरुवातीच्या फ्रेमना हेडजवळ तडे गेल्यावर तेथे जादा आधाराची नळी घालावी लागली. तरीही 'मोटर सायकल न्यूज' या ब्रिटिश साप्ताहिकाच्या वाचकांनी १९६८ ते १९७२ अशी सलग पाच वर्षे तिला वर्षातील सर्वोत्तम मोटारसायकल म्हणून निवडले. १९७३ मध्ये पीटर विल्यम्स यांनी फॉर्म्युला ७५० गटाची टीटी जिंकली, तेव्हा त्यांच्या गाडीला नळ्यांऐवजी पत्र्याचे पेटीसारखे अंग होते, पण इंजिन त्यातही आयसोलास्टिक पद्धतीनेच टांगले होते. रबरावर बसवलेल्या इंजिनाची गाडी शर्यतीत टिकणार नाही, ही शंका त्या दिवशी फिटली.

या पद्धतीची खरी कमजोरी देखभालीत होती. चकत्या झिजत, अंतर वाढत जाई, आणि दोन वर्षांपूर्वी रुळावरून धावल्यासारखी चालणारी गाडी लांब वळणावर हळूच मागून डोलू लागे. अंतर फार कमी केले तर चकत्या एकमेकींना आवळत आणि कंप फ्रेममध्ये शिरे. फार जास्त ठेवले तर वागणूक बिघडे. शिम बदलण्यासाठी बैठक सोडवावी लागत असल्यामुळे बहुतेक मालक हे काम टाळत, आणि कमांडोच्या वागणुकीबद्दल टोकाची परस्परविरोधी मते ऐकू येतात त्याचे हे एक मोठे कारण आहे: दोघांनी चालवलेल्या गाड्या नावाने एक, पण बैठकीने वेगळ्या होत्या. १९७५ च्या मार्क ३ मध्ये आट्यांची चकती फिरवून अंतर जुळवण्याची सोय आली, जी पहिल्या दिवसापासून असायला हवी होती. तोवर इंजिन ८२८ सीसीचे झाले होते आणि कंपनीची घडी पुरती विस्कटली होती. पुढील दोन-तीन वर्षांतच कमांडोचे उत्पादन थांबले.

त्या वेळेपर्यंत प्रश्नाला अन्य दिशांनीही उत्तरे मिळाली होती. १९६९ च्या होंडा सीबी ७५० चे चार सिलिंडर एकमेकांचे मुख्य धक्के आपापसांत मिटवत. बोलोन्याला फाबिओ तालिओनी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ९० अंशांच्या व्ही इंजिनाची डुकाटी ७५० आणली, आणि त्या कोनामुळे मुख्य धक्का जवळजवळ पूर्ण तोलता येत असल्याने ते इंजिन निःशंकपणे घट्ट बसवून फ्रेमचा भाग करता आले. ज्यांचे इंजिन स्वभावतः थरथरणारे होते त्यांना मात्र नॉर्टनच्याच वाटेने जावे लागले. हार्ली-डेव्हिडसनने १९८० च्या एफएलटीमध्ये आपले ४५ अंशांचे इंजिन रबरावर घेतले. त्या कंपनीत काम केलेले एरिक ब्यूएल यांनी पुढे स्वतःच्या गाड्यांत इंजिन रबरावर ठेवून त्याला गोल सांध्यांच्या दांड्यांनी फ्रेमशी बांधले, जेणेकरून ते एकाच पातळीत हलावे. नॉर्टनने चकत्यांनी साधलेले काम त्यांनी दांड्यांकडे सोपवले. आज रस्त्यावर असलेल्या कित्येक जुन्या कमांडोंच्या सिलिंडरच्या माथ्याशीही मूळ रबरी आधाराच्या जागी अशीच एक आडवी, दोन्ही टोकांना गोल सांधे असलेली दांडी दिसते, जी इंजिनाला वर-खाली हवे तितके थरथरू देते आणि आडवे एक केसभरही सरकू देत नाही.